छताला टांगलेला सहा पाइपांचा हँगर : नऊ महिने आणि एक तुटलेली दोरी

परवा दुपारी सोलापुरी चादर धाडकन वॉशिंग मशीनच्या झाकणावर पडली. आईला वाटलं स्लॅबचा पोपडाच आला खाली. जाऊन पाहतो तर कपडे वाळवायच्या, दोरी-कप्पीने वर-खाली होणाऱ्या हँगरचा तिसरा पाइप एका दोरीवर लोंबकळत होता आणि दुसरी दोरी कप्पीपाशी तुटून तिचं टोक कापसासारखं पिंजलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा घालवायला मारबतीचा पुतळा काढतात; तो दिवस अजून लांब आहे, पण आई तिथल्या महाल भागातली; तिने तिथल्या तिथे "घेऊन जा गे मारबत!" म्हणून हँगरला निरोप दिला. मी मात्र १४५० रुपये आणि वर फिटिंगचे ३५० मोजलेत. मी इतक्यात निरोप देणार नाही.

आमची ड्राय बाल्कनी पाच बाय चार फुटांची. नाव ड्राय, ओल बारा महिने. त्यात टॉप लोड मशीन, नळ, बादल्या, झाडू-पोछा, भरलेलं सिलिंडर. आणि नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, दिवाळीपासून होळीपर्यंत बंद करून ठेवलेला कूलर. आधीचा घडीचा स्टँड उघडला की मशीनपर्यंत जायला वाट उरत नसे, म्हणून ऑक्टोबरच्या साफसफाईत हे प्रकरण आणलं. जमीन खरंच मोकळी झाली. कारागीर नीट होता. स्लॅबला भोक पाडून गिट्ट्या पक्क्या ठोकून गेला, नऊ महिन्यांत एकही स्क्रू हललेला नाही. पाइप स्टीलचे, गंज नाही.

मे महिन्यात तर मी पाच तारे द्यायला निघालो होतो. पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक. सहावा पाइप भरेपर्यंत पहिल्यावरचे रुमाल पापडासारखे कडक. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, जीन्स दीड तासात वाळली, तीही सावलीत.

मग पाऊस लागला आणि हँगरचे खरे गुण दिसले. सहाही पाइप पार वर ओढले की कपडे स्लॅबला चिकटून दाटीवाटीने उभे. तिथे वारं पोहोचत नाही. दुसऱ्या दिवशी बनियनला तो ओळखीचा कुबट वास. आता मी एक आड एक पाइप वापरतो आणि तेही एक वर, एक फूटभर खाली, असे पायऱ्यांसारखे सोडतो. खाली छोटा टेबल फॅन. रात्रभरात वाळतात. म्हणजे हिशेबाने पैसे सहा पाइपांचे, पावसाळ्यात काम तीन पाइपांचं.

पण माझं खरं भांडण दोरीशी आहे. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे दोरी सुटी मिळत नाही, पूर्ण किट घ्या, ९०० रुपये. तपासायला माणूस पाठवायचा तर व्हिजिट चार्ज ३५०. वॉरंटीत पाइप येतो, दोरी येत नाही. म्हणजे जे तुटत नाही त्याची वॉरंटी! तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही वजन जास्त टाकलं असेल." माझं डोकंच फिरलं. बॉक्सवर एका पाइपाला १० किलो लिहिलंय आणि आम्ही काय वाळत घातलं, म्हैस?

इथपर्यंत तावातावाने लिहिलं आणि मग प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा काढून तीच चादर टांगली. सुकी दीड किलो. स्पिन झालेली अडीच. आणि स्पिन न करता, नुसती हाताने पिळून, साडेचार. परवा स्पिनच्या आधी लाइट गेली होती आणि मी घाईत निथळती चादर तशीच टाकली होती, तीही घडी घालून पाइपाच्या एका टोकाला. टोकाला टाकलं की जवळजवळ सगळा भार एकाच दोरीवर येतो. तेव्हा थोडी चूक माझी. तरीही साडेचार म्हणजे दहा नव्हे. त्या मुलीला हे कळवलेलं नाही.

तुटकी दोरी घेऊन इतवारीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने बोटांत फिरवली आणि म्हणाला, "भाऊ, ही तं आकाशकंदिलाची दोरी हाये. चादरीले काऊन लावली?" त्याने जाड विणीची दाखवली, १२ रुपये मीटर. एका पाइपाला दोन्ही टोकांचं मिळून १३ मीटर लागलं, १५६ रुपये. जास्तीचं मीटरही घेतलं नाही, म्हणजे गाठीला हात आखडावा लागला. कप्पीत पाहिलं तेव्हा खरं कारण कळलं: जुनी दोरी इतकी बारीक की चाकावरून घसरून चाक आणि पत्रा यांच्या फटीत जाऊन घासत होती. नवी त्या फटीत शिरतच नाही. पाइप ओढताना कुर्र वाजायचं तेही बंद झालं. तुमच्याकडे कुर्र वाजत असेल तर कप्पी आजच बघा.

दुसरा वैताग म्हणजे सगळ्या दोऱ्या पांढऱ्या. चौथा पाइप खाली घ्यायला जावं तर दुसरा खाली येतो, कोरड्या शर्टांसकट. टिकल्या लावून पाहिल्या, ओल्या हातांनी निघाल्या. शेवटी बायकोने दोऱ्यांना आणि खुंट्यांना जोडीजोडीने नेलपॉलिश लावलं, सहा रंग. कंपनीला सहा रंगांच्या दोऱ्या द्यायला किती खर्च आला असता? बायको म्हणते, "अहो, दोरी दोरी पुरे करा आता."

बाकीचं थोडक्यात. मशीनखालचा चाकांचा स्टँड घेऊ नका. स्पिनला मशीन दारापर्यंत चालत आली, मी तो काढून टाकला. मशीनवरचं रॅक बरं आहे, पावडरचा डबा आणि चिमटे हाताशी राहतात. रिकाम्या कूलरची टाकी मळक्या कपड्यांना वापरायची आयडिया माझी होती. टाकी लोखंडी. बाबांच्या पांढऱ्या धोतरावर गंजाचे नकाशे उमटले. ब्लीच टाकू नका, डाग आणखी पक्का बसतो. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवल्यावर बराचसा गेला. धोतर आता बाबा फक्त घरात नेसतात.

तर साडेतीन तारे. मे महिन्यात विचारलं असतं तर पाच, परवा विचारलं असतं तर शून्य. तिसऱ्या पाइपाला इतवारीची दोरी आहे, त्यावर चादरी. बाकी पाच पाइपांवर कंदिलाचीच. तिथे सध्या मोजे, रुमाल आणि बनियन एवढंच.