हेपॅटायटिस सी: इंटरफेरॉनचं इंजेक्शन की सोफोसबुविरची गोळी?

हेपॅटायटिस सी म्हणजे विषाणूमुळे येणारी यकृताची सूज. इंटरफेरॉन हे आपल्याच पेशींचं प्रथिन, 1957 मध्ये सापडलेलं. ते विषाणूला थेट मारत नाही. पेशींना सावध करतं, मग त्या शेकडो जनुकं चालू करून विषाणूची वाढ रोखतात. औषध म्हणून मात्र ते अंगावर येतं. दर आठवड्याला पोटावर टोचायचं, तेही बहुधा 48 आठवडे, जोडीला रिबाविरिन हे दुसरं विषाणूरोधी औषध. अनेक रुग्ण शुक्रवारी रात्री पॅरासिटामॉल घेऊन इंजेक्शन घ्यायचे, म्हणजे कणकण आणि अंगदुखी शनिवार-रविवारात निभावायची. काहींना तर नैराश्य यायचं. एवढं सोसूनही जीनोटाइप 1 या विषाणूच्या प्रकाराचे जेमतेम निम्मे रुग्ण बरे व्हायचे.

2013 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोफोसबुविर विषाणूच्या नव्या प्रती बनवणारं विकरच (एन्झाइम) बंद पाडतं. जोडीच्या औषधासह रोज गोळी, साधारण 12 आठवडे, 95 टक्क्यांच्या आसपास यश. इथे तुलना संपलीच म्हणा.

पण इंटरफेरॉनला अडगळीत टाकू नका. गोळीला कर्करोगात काही काम नाही. इंटरफेरॉन पेशींची वाढ मंदावतं, प्रतिकारशक्तीलाही जागं करतं. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी ते 1986 मध्येच मंजूर झालं, आणि पॉलिसायथेमिया व्हेरा या, लाल रक्तपेशी बेसुमार वाढण्याच्या रक्ताच्या कर्करोगात त्याचा नवा अवतार आजही वापरतात.