सुई गाठीत की सलाईन शिरेत? स्तनाच्या कर्करोगावरचे दोन विषाणू

स्तनाच्या कर्करोगावर, कर्कपेशी मारण्यासाठी, विषाणू वापरायचा म्हटलं की चर्चा फिरून फिरून दोन नावांपाशी येते. टी-व्हेक म्हणजे दोन जनुकं काढून लंगडा केलेला हर्पिस, थेट गाठीत टोचायचा. पेलारिओरेप म्हणजे काहीही फेरफार न केलेला रिओव्हायरस, शिरेतून द्यायचा. या आजारासाठी मान्यता दोघांनाही नाही. टी-व्हेकला अमेरिकेत 2015 मध्ये मिळाली ती मेलॅनोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगासाठी. त्यामुळे निवड चाचणीपुरतीच, आणि ठरलेले उपचार थांबवून तर नाहीच.

टी-व्हेकचं खटलं मोठं. साठवण उणे 90 ते उणे 70 अंशांत. 1 मिलीची कुपी खोलीच्या तापमानाला वितळायला साधारण अर्धा तास घेते. ती हलकेच फिरवायची, खळखळवायची नाही, आणि एकदा वितळली की पुन्हा गोठवायची नाही. पहिला डोस मिलीला 10 लाख युनिटचा, कारण हर्पिस कधीच न झालेल्या शरीराला आधी ओळख व्हावी लागते. तीन आठवड्यांनी 10 कोटी, मग दर दोन आठवड्यांनी तेवढाच. मेलॅनोमाच्या हिशेबाने 5 सेंमीहून मोठ्या गाठीत 4 मिलीपर्यंत आणि 2.5 ते 5 सेंमीच्या गाठीत 2 मिलीपर्यंत औषध जातं.

खरी कसरत सुईची. कडक गाठीत जोर लावला की द्रव सुईच्या वाटेनेच परत येतो. म्हणून छिद्र एकच, पण सुई थोडी मागे घेऊन पंख्याच्या काड्यांसारख्या दिशा बदलत सावकाश सोडायचं. सोनोग्राफीवर मधला भाग मेलेला दिसला तर तो टाळावा. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. नंतर निदान आठवडाभर जागा हवाबंद पट्टीखाली. गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कर्मचाऱ्यांना या कामापासून दूर ठेवायचं. विषाणू डोईजड झालाच तर हर्पिसवरचं औषध अ‍ॅसायक्लोव्हिर हाताशी असतं. मात्र रुग्ण ते आधीपासूनच घेत असेल तर उपचाराचीच धार जाते. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, नेमका तोच राहून जातो.

पेलारिओरेपला यातलं बरंच लागत नाही. 28 दिवसांच्या चक्रात 1, 2, 8, 9, 15 आणि 16 या दिवशी सलाईन. 1, 8, 15 ला सोबत पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 80 मिग्रॅ. ताप-हुडहुडी येते, पॅरासिटामॉलवर बहुधा निभावते. यकृत, हाडं, फुप्फुसं अशा जागी रक्तातून पोहोचण्याची सोय हा त्याचा मोठा गुण, हे मान्यच. पसरलेल्या आजाराच्या 74 रुग्णांवरच्या कॅनडातल्या चाचणीत एकूण आयुर्मान नुसत्या पॅक्लिटॅक्सेलच्या 10.4 वरून 17.4 महिन्यांवर गेलं. पण आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ, जो मोजणं हाच मुख्य हेतू होता, तो जवळपास तितकाच राहिला.

आणि मला खटकतं ते इथेच. या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं बहुतेकांच्या रक्तात आधीच असतात आणि सलाईन सुरू झाल्यावर ती झपाट्याने चढतात. रक्तपेशींच्या आडोशाने थोडा विषाणू पुढे सरकतो, हे दिसलं आहे. तरी 15 व्या दिवशी दिलेल्यातला किती गाठीपर्यंत गेला, हे यकृतातला तुकडा काढल्याशिवाय कळत नाही. परिणाम दिसला नाही तर विषाणू निकामी ठरला की पोहोचलाच नाही, याचा उलगडा होत नाही. टोचलेल्या गाठीत हा घोळ नाही: औषध कुठे गेलं ते पडद्यावर दिसतं, तिथलीच बायोप्सी घेता येते आणि पुढे अख्खी गाठ पॅथॉलॉजीकडे जाते.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोन किंवा HER2 वरच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या 37 रुग्णांना अमेरिकेत केमोसोबत टी-व्हेकचे पाच डोस दिले गेले. 2023 मध्ये आलेल्या निकालात 45.9 टक्क्यांच्या शस्त्रक्रियेत जिवंत कर्कपेशी उरल्या नव्हत्या. तुलनेचा गट मात्र नव्हता. शिवाय पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध केमोला जोडून हाच आकडा दुसऱ्या मोठ्या चाचणीत 64.8 टक्के आला आहे. रुग्ण वेगळे असल्याने दोन्ही शेजारी मांडणं फारसं न्याय्य नाही, पण नव्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब वगळून टी-व्हेक द्यायचा असेल तर त्याचं कारण लेखी मागावं.

शस्त्रक्रियेआधी हाताला लागणारी गाठ असेल तर माझा कल टी-व्हेककडे, फ्रीझरच्या कटकटीसकट. आजार यकृतात-हाडांत विखुरलेला असेल तर सुई फार काही करू शकत नाही. तिथे पेलारिओरेपचाच विचार करावा, आणि प्रतिपिंडं केव्हा-केव्हा मोजणार हे आधी विचारून घ्यावं.