लाकडी पांगुळगाडा: नाशिकच्या बाजारात घेताना काय बघावं, घरी आणल्यावर काय करावं

लाकडी पांगुळगाडा जरूर घ्यावा. पण बाळ धरून उभं राहायला आणि धरूनच चार पावलं सरकायला लागल्याशिवाय घेऊ नये, आणि दुकानातून आणला तसाच्या तसा त्याच्या हाती देऊ नये. मध्ये बैठक असलेला गोल वॉकर मात्र घेऊच नये. मामाने हौसेने आणून दिला असला तरी तो माळ्यावर टाकावा. मेन रोडच्या गर्दीत दुकानासमोर उभं राहून फोनवर हे वाचणाऱ्यांना एवढं पुरे. ज्यांना सवड आहे त्यांनी पुढचं वाचावं, कारण चांगला गाडा आणि धोक्याचा गाडा दिसायला जवळजवळ सारखेच असतात.

नाशिकमध्ये पांगुळगाडा दोन तऱ्हेचा दिसतो. मेन रोड, शालिमार, भद्रकाली या पट्ट्यात सुताराने केलेला साधा गाडा, आणि कॉलेज रोडकडच्या मुलांच्या सामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मणी, फिरत्या चकत्या वगैरे लावलेला कंपनीचा गाडा. साध्याची रचना जुनीच आहे: मागे दोन चाकं, पुढे एक, त्यांवर त्रिकोणी तळ, मागच्या आसाजवळ उभी चौकट आणि तिच्या माथ्यावर आडवी दांडी. बाळ दांडी धरून मागे उभं राहतं आणि गाडा ढकलत पुढे जातं. मणी आणि चकत्यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्या बसून खेळायला ठीक आहेत, पण चालताना बाळ एक हात सोडून त्यांच्याकडे वळतं आणि तोल जातो.

आता हा गाडा कधी द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांच्या निरीक्षणांवरून जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत भारतातली मुलंही होती. त्यानुसार निरोगी मुलं एकट्याने चालायला लागतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. आधाराशिवाय उभं राहण्याचा काळ ६.९ ते १६.९ महिने. म्हणजे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तरी दोन्ही वेळेवरच. त्याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं गुडघे-हात टेकून रांगलीच नाहीत, तरीही चालायला शिकली. तेव्हा वय बघून गाडा आणू नये, बाळ काय करतंय ते बघून आणावा.

नेमकं काय बघायचं? दिवाण किंवा खुर्ची धरून बाळ उठतं, ती धरून बाजूबाजूने सरकतं, आणि हातातली वस्तू पडली तर एका हाताने धरून खाली वाकून उचलतं. आडवं सरकताना पूर्ण भार क्षणभर एका पायावर येतो आणि कमरेच्या बाजूचे स्नायू तो पेलायला शिकतात. पुढे पाऊल टाकायला हेच बळ लागतं. वाकून उचलता येणं ही त्याहून मोठी खूण, कारण गुडघे वाकवून खाली जाणारं मूल पडतानाही बूड टेकून पडतं, ओंडक्यासारखं आडवं होत नाही. हे दोन्ही दिसायला लागलं की गाडा कामाचा. त्याआधी दिला तर बाळ दांडीला लोंबकळतं, एवढंच.

दुकानात पहिली परीक्षा दांडीची. तिची उंची बाळाच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली हवी. वर्षाचं मूल साधारण ७५ सेंटीमीटर उंच धरलं तर ४० ते ४५ सेंटीमीटर बरोबर बसतात. दांडी उंच असली की खांदे वर उचलले जातात आणि बाळ चवड्यांवर येतं. बुटकी असली की कमरेत वाकून चालतं. जाडी मुठीत मावेल अशी, दोन-अडीच सेंटीमीटर. घरून निघताना बाळाला उभं करून छातीची उंची दोऱ्याने मोजून न्या, दुकानात अंदाज हमखास चुकतो.

दुसरी परीक्षा उलटण्याची, आणि बहुतेक साधे गाडे इथेच नापास होतात. दांडीवर तळहात ठेवून खाली आणि थोडं मागे दाबा. पुढचं चाक लगेच उचललं गेलं, तर उठून उभं राहताना बाळ दांडीला ओढ देईल आणि गाडा त्याच्या अंगावर येईल. दांडी मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हवी. चौकटच मागे कललेली असेल तर तो गाडा सोडून द्या, घरी आणून तो सुधारत नाही. मागची चाकं एकमेकांपासून जितकी लांब तितका गाडा आडवा पडायचा धोका कमी. फूटभराहून कमी अंतर असेल तर नकोच.

मग सांधे. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली चौकट महिनाभरात हलायला लागते आणि खिळ्याचं डोकं वर येतं. लाकडी खुंटी आणि सरस, किंवा आरपार बोल्ट असलेली चौकट टिकते. कापसाचा बोळा घेऊन दांडी, कडा आणि चाकांच्या आतल्या बाजूवरून फिरवा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे कुसळ आहे, आणि ते हाताला जाणवत नसलं तरी बाळाच्या तळहाताला बोचणारच. चाकाची पाचर किंवा टोपी ओढून बघा. ती निघाली तर चाक तर निखळेलच, शिवाय ती तोंडात जाईल आणि घशात अडकेल. चाक आणि चौकट यांच्यातल्या फटीत आपली करंगळी घालून चाक फिरवा. जिथे करंगळीला ओरखडा येतो, तिथे बाळाचं बोट चिरडतं.

रंगाचंही बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, कंपनीच्या गाड्यावर ते असलंच पाहिजे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सुताराकडच्या गाड्यावर ते दिसेलच असं नाही. तिथे ओलं पांढरं फडकं दांडीवर जोर लावून घासा. फडक्याला रंग लागला तर तो गाडा नको, कारण बाळ उभं राहिल्या राहिल्या पहिल्यांदा दांडीच चावतं. बिनरंगाचा, नुसता घोटून गुळगुळीत केलेला गाडा मिळाला तर सगळ्यात उत्तम.

घरी आणल्यावर दोन कामं. पहिलं वजन. दोन किलो वाळू जाड कापडी पिशवीत शिवून ती पुढच्या चाकाच्या वर, तळाला घट्ट बांधा. वजन खाली आणि पुढेच हवं. दांडीजवळ बांधलं तर उलटण्याचा धोका वाढतो. बांधून झाल्यावर पुन्हा दांडी दाबून बघा, गरज पडली तर अर्धा-अर्धा किलो वाढवा. दुसरं काम वेगाचं. व्हिट्रिफाइड टाइलवर लाकडी चाकं सुसाट पळतात, पाय मागे राहतात आणि बाळ हनुवटीवर पडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून मागच्या दोन्ही चाकांवर ताणून बसवा. पट्टे सारख्याच रुंदीचे हवेत, नाहीतर गाडा एका बाजूला ओढतो. एवढ्याने भागलं नाही तर चाक आणि चौकट यांच्यामध्ये रबरी वायसर घाला. शहाबादी फरशीच्या घरात हे फारसं लागत नाही, ती मुळातच खरखरीत असते.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये मोठी अडचण उंबरठ्याची. पुढचं चाक उंबरठ्याला अडकून गाडा जागीच थांबतो आणि बाळ दांडीवरून पुढे जातं. म्हणून एका खोलीतच फिरू द्या आणि दार लावून घ्या. जिन्याला फाटक नसेल तर त्या मजल्यावर गाडा काढूच नका.

थंडीत आणखी एक. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची फरशी बर्फासारखी गार पडते, आणि आजी लोकरीचे मोजे घालते ते काळजीपोटीच. पण मोज्यांनी टाइलवर पाय घसरतो आणि तळव्याला जमीन कळत नाही. घोट्यापर्यंत गरम लेगिंग घालून पावलं उघडी ठेवावीत; फारच गारठा असेल तर तळाला रबरी ठिपके असलेले मोजे घालावेत. जाड लंगोटाचंही तेच. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली झालेल्या एका अभ्यासात मुलं उघडी असताना सर्वांत चांगली चालली, आणि जाड कापडी लंगोटात त्यांची पावलं जास्त फाकली. गाडा खेळायच्या वेळेपुरता तरी लंगोट काढून नुसती चड्डी घाला.

वापरायचा कसा? दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, बाळ ताजंतवानं असताना. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बाजूला बसावं. समोरून टाळ्या वाजवून बोलावलं की बाळ घाई करतं आणि पायात पाय अडकतो. गाडा भिंतीला टेकला की लगेच वळवून देऊ नका. थोडा वेळ थांबा: बाळ खाली बसतं, बाजूने जातं, दांडी ओढतं, रडतं, पुन्हा उठतं. या खटपटीत तोल जितका सुधारतो तितका सरळ चालण्यात सुधारत नाही.

हेही स्पष्ट सांगायला हवं की पांगुळगाड्याने मूल लवकर चालत नाही. ज्याची तयारी झाली आहे त्याला सराव आणि आनंद मिळतो, इतकंच. खरं काम जमिनीवरच होतं. दिवाण आणि खुर्ची यांच्यात वीतभर अंतर ठेवा, बाळ सहज ओलांडायला लागलं की फूटभर करा, मग दीड फूट. एक दिवस ते दोन्ही हात सोडून मधली जागा पार करतं. याला एक पैसा लागत नाही.

आता वॉकर. त्यात बाळ बैठकीत लोंबकळतं, म्हणजे पूर्ण भार पायांवर येतच नाही. बोटांनी ढकललं की पळतं, तोल सांभाळावा लागत नाही, आणि समोरच्या ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. चालण्यासाठी जे शिकायचं, ते सगळं इथे टळतं. डब्लिनमधल्या मुलांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागे एकट्याने चालणं तीन दिवसांहून थोडं जास्त लांबलेलं आढळलं. त्याहून गंभीर गोष्ट अपघातांची. वॉकरमधलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं. आपण उठेपर्यंत ते जिन्याशी किंवा चहाच्या कपाशी पोचलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची २,३०,००० हून अधिक मुलं वॉकरच्या इजांमुळे तातडीच्या उपचारांसाठी आणली गेली, त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजून दुकानाच्या दारातच टांगलेला असतो, त्यामुळे नको म्हणायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

पीं-पीं वाजणारे बूटही याच दुकानांत मिळतात. टाचेतल्या फुग्यामुळे पाऊल डगमगतं, घेऊ नयेत. घरात अनवाणीच चालू द्या. कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोदापार्कला नेताना मऊ तळव्याचे, चवड्याशी सहज दुमडणारे, अंगठ्यापुढे सेंटीमीटरभर जागा असलेले बूट पुरतात. माप संध्याकाळी, बाळाला उभं करून घ्या.

पहिले काही आठवडे बाळ हात खांद्यापर्यंत उचलून, पाय फाकवून, अख्खं पाऊल आपटत चालतं. पायांना बाक दिसतो, तळवे सपाट दिसतात. दोन वर्षांपर्यंतचा बाक आणि सहा-सात वर्षांपर्यंतचे सपाट तळवे बहुतेक मुलांत आपोआप सुधारतात. त्यासाठी पट्टे, खास बूट काही विकत घेऊ नका. पडण्याचंही तसंच. १२ ते १९ महिन्यांच्या मुलांच्या एका पाहणीत ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत आणि १७ वेळा पडत होती.

डॉक्टरांकडे मात्र या वेळी जावंच: १८ महिने पूर्ण होऊनही एकट्याने चालत नसेल, एक पाय ओढत किंवा लंगडत असेल, सतत चवड्यांवरच चालत असेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, मनगटं रुंद दिसत असतील, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल. नऊ महिन्यांआधी जन्मलेल्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणी करतं, तिथे ही शंका विचारता येते आणि पुढची चिठ्ठी मिळते. तपासणी होईपर्यंत गाड्याचा सराव वाढवू नका. खुब्याचा सांधा सरकलेला असेल तर सरावाने तो जागेवर येत नाही.

शेवटी, घरात वडिलांच्या किंवा काकांच्या वेळचा गाडा असेल तर त्याबद्दल. लाकूड बहुधा आजच्यापेक्षा चांगलं असतं, पण रंगात शिसं असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. असा गाडा घरात पॉलिश पेपरने घासायला घेऊ नका, ती धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. सुताराकडून रंगवलेली दांडी आणि चौकट काढून कोऱ्या लाकडाची बसवून घ्या, तळाला आणि चाकांनाही रंग असेल तर तेही बदला. तेवढं करून घ्यायचं नसेल तर नवा घ्या.