व्हिएन्नाची नॅशनल लायब्ररी: जर्मन शिकत असाल तर वेळ काढून जा

आमच्या जर्मनच्या बॅचची व्हिएन्नाला स्टडी ट्रिप होती, त्यात ऑस्ट्रियाच्या नॅशनल लायब्ररीचा प्रुंकझाल बघितला. प्रुंकझाल म्हणजे योसेफ्सप्लात्झ या चौकातला लायब्ररीचा जुना शाही हॉल, सम्राट सहाव्या कार्लने १७२३ ते १७२६ मधे बांधून घेतलेला. आत पाय टाकला आणि अख्ख्या बॅचची बडबड बंद. जवळपास ८० मीटर लांब, २० मीटर उंच, मधे घुमट, त्यावर डानिएल ग्रानची चित्रं, आणि खालपासून वरपर्यंत पुस्तकंच पुस्तकं, साधारण दोन लाख!! घुमटाखाली सम्राटाचा सेनापती राजपुत्र ऑयगेन याचा संग्रह आहे, १५ हजार पुस्तकं, तिथे जरा थांबा. बांधणीच्या चामड्याचा रंग विषयाप्रमाणे आहे, धर्म आणि कायदा निळा, इतिहास-साहित्य लाल, विज्ञान पिवळं. कॅटलॉग न उघडता लांबूनच कळतं कुठे काय आहे, मला हे फार म्हणजे फार आवडलं.

तिथेच कोरोनेली या व्हेनिसच्या नकाशाकाराचे चार मोठे गोल आहेत, पृथ्वीचे दोन, आकाशाचे दोन. एर्डग्लोबुस आणि हिमेल्सग्लोबुस. जर्मनमधले सामासिक शब्द वर्गात पाठ करताना नको व्हायचे, इथे वस्तूच समोर, शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो काचेखालच्या एका जुन्या छापील पानावर. फ्राक्टुर लिपी, म्हणजे पूर्वी जर्मन छापायला वापरायचे ती टोकदार, वळणदार अक्षरं. भाषा येतेय पण अक्षर उलगडत नाही, देवनागरी वाचणाऱ्यापुढे मोडी ठेवल्यावर होतं ना, अगदी तसं. 'इस्ट' (म्हणजे 'आहे') असायला हवं तिथे 'इफ्ट' दिसत होतं. मग लक्षात आलं की जुना लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, आणि तो शब्दाच्या सुरुवातीला नाहीतर मधे येतो, शेवटी नेहमीचा गोल 'एस'. एवढं कळल्यावर हळूहळू अख्खी ओळ लागली आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

तक्रार एकच, ती ट्रिप ठरवणाऱ्यांबद्दल. इथे फक्त ४५ मिनिटं दिली, त्यातली निम्मी ग्रुप फोटोत गेली. भाषेच्या ट्रिपमधे असं नाही करायचं हो. निदान दीड तास हवाच. आणि जायच्या आधी शिक्षकांनी फ्राक्टुरचं एक पान वर्गात वाचून घ्यावं.

इथली पुस्तकं हातात घेऊन चाळता येत नाहीत, वाचायला बसायचे हॉल वेगळे आहेत, हेल्डेनप्लात्झ चौकाच्या बाजूला, ते आधीच माहीत असू द्या. हेरेनगासे रस्त्यावर पाले मोलार्ड या वाड्यात याच लायब्ररीचं एस्परांतो म्युझियम आहे, एस्परांतोसारख्या मुद्दाम बनवलेल्या भाषांचं, भाषेची आवड असेल तर तेही चुकवू नका. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकटीच जाऊन आले.