१०×५० द्विनेत्री: अनेक महिन्यांच्या आकाशदर्शनानंतरचा अनुभव

आकाशदर्शनाची गोडी लागली की बहुतेकांच्या मनात सर्वप्रथम मोठी दुर्बीण घेण्याचा विचार येतो. अनेक महिने जवळजवळ प्रत्येक निरभ्र रात्री १०×५० मापाची द्विनेत्री (बायनॉक्युलर) वापरल्यानंतर माझी शिफारस मात्र निराळी आहे. छंदाची सुरुवात याच मापाच्या द्विनेत्रीने करावी, आणि तिच्याबरोबर ती ट्रायपॉडवर बसवण्याचा जोडही लगेच घ्यावा. या जोडाशिवाय मिळणारे दृश्य आणि जोडासह मिळणारे दृश्य यांत इतके अंतर आहे की मला ती दोन वेगळी उपकरणे वाटतात.

मापातील पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते हे सांगतो आणि दुसरा वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा, व्यास मिलिमीटरमध्ये देतो. ५० ला १० ने भागले की ५ येतात; नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणारी प्रकाशशलाका तेवढे मिलिमीटर रुंद असते. गडद अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वय वाढेल तसे हे प्रमाण कमी होत जाते. त्यामुळे ७×५० मधून येणारी ७ मिलिमीटरची शलाका मध्यमवयीन डोळ्यात पूर्ण शिरत नाही आणि बाहुलीबाहेर पडणारा प्रकाश वाया जातो. १०×५० मध्ये ही उधळपट्टी होत नाही, शिवाय वर्धन अधिक असल्यामुळे आकाशाची पार्श्वभूमीही अधिक काळी दिसते. ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडलेल्या बाहुलीच्या सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्याशा उपकरणातून इतके कसे दिसते याचा उलगडा होतो.

माझ्या द्विनेत्रीचे दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांचे आहे, म्हणजे एकाला एक लावून ठेवलेले तेरा पूर्णचंद्र मावतील एवढे. या रुंदीचे खरे मोल कृत्तिका पाहताना कळते. नुसत्या डोळ्यांना सहा-सात ठिपके दिसणारा हा तारकागुच्छ द्विनेत्रीत कित्येक निळसर ताऱ्यांनी भरून जातो, आणि तरीही त्याच्याभोवती मोकळे आकाश शिल्लक राहते. दुर्बिणीच्या अरुंद क्षेत्रात तो पूर्ण मावतच नाही. पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छाचेही तसेच आहे: डोळ्यांना जो अंधुक डाग वाटतो, तो द्विनेत्री लावताच सुट्या ताऱ्यांत उलगडतो. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला असलेला तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. तो मला धूसर पण निश्चित आकाराचा दिसतो. देवयानी दीर्घिका मात्र छायाचित्रांसारखी दिसेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. ती लांबट, फिकट ढगासारखीच दिसते, आणि नजर थेट तिच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवली तर अधिक स्पष्ट होते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्याच्या बाहेर असतात. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे आठवून मी अजूनही तिच्यावर बराच वेळ थांबतो.

गुरूने मला सर्वाधिक आनंद दिला आहे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये टिपलेले त्याचे चार चंद्र द्विनेत्रीत बारीक ठिपक्यांसारखे एका रेषेत दिसतात. आयो गुरूच्या झगमगाटात अनेकदा लपतो, परंतु गॅनिमिड आणि कॅलिस्टो पुरेसे दूर असताना सहज सापडतात. सलग काही रात्री त्यांच्या जागा वहीत काढून ठेवल्या की ठिपके या बाजूचे त्या बाजूला गेलेले कळतात, आणि पुस्तकात वाचलेली गोष्ट स्वतःच्या निरीक्षणातून सिद्ध होते. हे निरीक्षण हातात धरलेल्या द्विनेत्रीने मात्र फार कठीण आहे, आणि माझ्या शिफारशीचे मूळ कारण हेच आहे.

दहापट वर्धन म्हणजे हाताचा कंपही दहापट. कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवणे, श्वास सोडून क्षणभर स्थिर राहणे, नळ्या पुढच्या बाजूला धरणे या साऱ्यांचा उपयोग होतो, पण नऊशे ग्रॅमच्या आसपासचे वजन थोड्याच वेळात खांद्यांना जाणवू लागते. बहुतेक १०×५० द्विनेत्रींच्या मधल्या बिजागरीवर पुढच्या बाजूला एक झाकण असते. ते काढले की आत ट्रायपॉडच्या जोडासाठी आटे दिसतात. एल आकाराचा साधा धातूचा जोड तेथे बसतो. ट्रायपॉडवर चढवल्याबरोबर गुरूचे चंद्र स्थिर झाले आणि चंद्रावरील विवरांच्या कडा रेखीव दिसू लागल्या. एक अडचण राहतेच: डोक्यावरचे आकाश पाहताना ट्रायपॉडखाली मान घालणे त्रासाचे होते. त्यासाठी पाठ मागे झुकणारी आरामखुर्ची घ्यावी आणि तेवढ्या भागापुरती द्विनेत्री हातात धरावी.

चंद्रासाठी पौर्णिमा टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्या रात्री प्रकाश समोरून पडत असल्यामुळे सावल्या उरत नाहीत आणि पृष्ठभाग सपाट भासतो. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार जेथे भेटतात त्या रेषेवर विवरे आणि पर्वत उठून दिसतात.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. दृष्टिक्षेत्राच्या कडेला तारे बिंदूसारखे न राहता ओढल्यासारखे दिसतात. चंद्राच्या कडेला जांभळट किनार दिसते. शनी किंचित लांबट वाटतो, परंतु कडी वेगळी दिसत नाहीत. ज्यांना कडीच पाहायची आहेत त्यांना दुर्बिणीशिवाय पर्याय नाही. दव पडणाऱ्या रात्री भिंगांवर वाफ धरते. चष्मा लावूनच पाहावे लागणाऱ्यांनी डोळा आणि नेत्रिका यांच्यातील सोयीचे अंतर किमान १५ मिलिमीटर आहे याची खात्री करावी, अन्यथा क्षेत्राचा बाहेरचा भाग दिसतच नाही. ज्यांचा मुख्य छंद पक्षिनिरीक्षण आहे त्यांनी ८×४२ घ्यावी. ती हलकी असते आणि चालताना गळ्यात जड होत नाही.

विकत घेताना द्विनेत्री हातभर दूर धरून नेत्रिकेतील प्रकाशाचे वर्तुळ पाहावे. ते पूर्ण गोल असेल तर आतले लोलक (प्रिझम) बहुधा बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचे आहेत. कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर ते हलक्या प्रतीचे असण्याची शक्यता अधिक. लाल चकाकणाऱ्या भिंगांच्या आणि वर्धन बदलणाऱ्या द्विनेत्री आकाशासाठी मी मुळीच सुचवणार नाही. दूरच्या खांबाकडे पाहून दोन्ही प्रतिमा सहज एक होतात का, हेही तपासावे, कारण नळ्यांची समांतरता बिघडलेली असेल तर थोड्या वेळात डोके दुखू लागते आणि ती दुरुस्ती घरी होत नाही.

पहिल्या रात्री डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी वीस-तीस मिनिटे द्यावीत आणि नकाशा वाचायला मंद लाल दिवा वापरावा. दिवसा द्विनेत्री मुलांच्या हाती देताना मोठ्यांनी जवळ थांबावे, कारण तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिल्यानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. घरात आणल्यावर भिंगांवरचे दव पूर्ण वाळू द्यावे आणि मगच पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी, म्हणजे आत बुरशी धरत नाही.