क्युरी बिंदूजवळच्या प्रोजेक्टला निकेल घ्यावं की गॅडोलिनियम?

सोलापुरात एम.एस्सी. करताना चुंबकीय संक्रमणावर, म्हणजे क्युरी बिंदू या ठरावीक तापमानाला धातू आपलं चुंबकत्व सोडतो त्यावर, प्रोजेक्ट घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न धातूचा. लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं, कोबाल्ट तर ११०० च्याही वर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही बाद. उरतात निकेल आणि गॅडोलिनियम.

गॅडोलिनियमचं क्युरी तापमान साधारण २९३ केल्विन, म्हणजे २० अंश. आपल्याकडे तो डिसेंबरच्या पहाटे फेरोमॅग्नेटिक (लोखंडासारखा चुंबकीय) असतो आणि मेच्या दुपारी पॅरामॅग्नेटिक (जेमतेम चुंबकीय)! बर्फ, पाणी आणि सावकाश तापवायची सोय असली की काम सुरू. निकेलला ३५८ अंश लागतात, तेही आर्गॉनमध्ये किंवा निर्वातात, नाहीतर पृष्ठभागावर ऑक्साइड चढतो. शिवाय भट्टीची तार दुहेरी, उलटसुलट गुंडाळावी लागते. एरवी तिच्याच प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र मापनात शिरतं.

एवढ्यावर गॅडोलिनियम निवडू नका. संक्रमण नुसतं दाखवायचं असेल तर तो उत्तम, पण क्रांतिक घातांक (बिंदूजवळ चुंबकीय गुणधर्म किती झपाट्याने बदलतात ते सांगणारे आकडे) काढायचे असतील तर तोच घाम फोडतो. त्याच्या प्रत्येक अणूचं चुंबकीय आघूर्ण सुमारे ७.५५ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक), निकेलचं जेमतेम ०.६. संकेत दणकट मिळतो, पण नमुन्याच्या स्वतःच्या विचुंबकन क्षेत्राची (बाहेरून लावलेल्या क्षेत्राला आतून होणाऱ्या विरोधाची) दुरुस्तीही तेवढीच मोठी होते. ती नीट केली नाही तर अ‍ॅरट आलेखातल्या (चुंबकनाचा वर्ग विरुद्ध क्षेत्र भागिले चुंबकन) रेषा फसव्या ठरतात. त्यात द्विध्रुवांची लांब पल्ल्याची आंतरक्रिया आणि षट्कोनी स्फटिकातली चुंबकत्वाची एका अक्षाकडची ओढ. बिंदूच्या किती जवळ मोजता त्यावर घातांक सरकतात, आणि प्रसिद्ध झालेले आकडेही एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

निकेलचं चित्र स्वच्छ आहे. कौव्हेल आणि फिशर यांनी १९६४ साली घातांक काढायची आपली पद्धत निकेलच्याच मापनांवर मांडली. पुढे १९६८ मध्ये कौव्हेल आणि कॉम्ली यांना बीटा (बिंदूखालचं चुंबकन) ०.३७८, गॅमा (क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) १.३४ आणि डेल्टा (नेमक्या बिंदूवर क्षेत्रानुसार चुंबकन) ४.५८ हे घातांक मिळाले. शेजारच्या अणूंचा फक्त सरासरी परिणाम धरणारा सरासरी-क्षेत्र सिद्धांत ०.५, १ आणि ३ सांगतो. शेजारशेजारच्या चुंबकीय आघूर्णांची थेट आंतरक्रिया धरणारं त्रिमितीय हायझेनबर्ग प्रतिरूप सुमारे ०.३६५, १.३९ आणि ४.८. निकेल कुणाच्या जवळ आहे ते उघड दिसतं. तिन्ही घातांकांना जोडणारा विडोमचा संबंधही ताडून पाहा: गॅमाला बीटाने भागून १ मिळवला की ४.५४ येतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ बसतात, हे स्वतःच्या वहीत पाहण्यासारखं सुख भौतिकशास्त्रात थोडंच आहे. तापमानातली चूकही निकेल पचवतो: १ केल्विन चुकलात तर ती सुमारे ६३० मधली एक असते, गॅडोलिनियममध्ये २९३ मधली.

थर्मोकपलकडे (दोन तारांच्या तापमापकाकडे) लक्ष द्या. के-टाइपमधली अल्युमेल तार खोलीच्या तापमानाला स्वतःच चुंबकीय असते, म्हणून गॅडोलिनियमजवळ प्लॅटिनमचा पीटी-१०० हा रोधावरून तापमान सांगणारा तापमापक लावा. निकेलच्या तापमानाला अल्युमेल केव्हाच पॅरामॅग्नेटिक झालेली असते.

माझा कौल निकेलला. मॅग्नेटोकॅलोरिक परिणाम (चुंबकीय क्षेत्र बदललं की नमुन्याचं तापमान बदलणं) हाच विषय असेल तर मात्र गॅडोलिनियमशिवाय दुसरं नाव घेऊ नका. मापन बाहेरच्या व्हीएसएमवर (नमुना कंपवून चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) करणार असाल तर तारीख घेण्याआधी त्याला ४०० अंशांपर्यंत जाणारी ओव्हन जोडलेली आहे का ते विचारा. नसेल तर निकेल सोडा आणि गॅडोलिनियमचा लांबट, बारीक तुकडा मागवा. क्षेत्र लांबीच्या दिशेने लावलं की विचुंबकनाची दुरुस्ती आटोक्यात राहते.