आधी रस्ता की आधी नाक्यावरची कार्यपद्धती?

निपाणीहून कोल्हापूरकडे माल नेणाऱ्यांना कोगनोळीजवळची राज्यसीमा परिचयाची आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराच्या तपासणी नाक्यांची गरज संपली. महामार्ग तोच राहिला, तरी मालवाहतुकीचा एक मोठा अडथळा गेला. शेजारी विकसनशील देशांमधील आर्थिक मार्गिकांचा, म्हणजे व्यापार वाढवण्यासाठी देशांना जोडणाऱ्या वाहतूक-मार्गांचा, विचार करताना, राज्यसीमा आणि देशसीमा यांतला फरक मान्य करूनही, हा अनुभव मला मोलाचा वाटतो.

अशा मार्गिकेसाठी आधी रस्ते आणि पूल बांधावेत की सीमेवरच्या तपासणीची कार्यपद्धती सुधारावी, असे दोन पर्याय असतात. पहिला पर्याय रस्ते आणि पुलांचा आहे. बांगलादेशातील ६.१५ किलोमीटर लांबीचा पद्मा पूल जून २०२२ मध्ये खुला झाला आणि तिथल्या फेरीबोटीची प्रतीक्षा टळली. हा लाभ निर्विवाद आहे.

मात्र भारत-बांगलादेश यांच्यातील पेट्रापोल-बेनापोल सीमेवर भारतीय ट्रकमधील माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरावा लागतो, आणि ही अडचण कोणताही पूल दूर करत नाही. वाहनांना थेट ये-जा करता यावी म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफू येथे मोटार वाहन करार केला, पण भूतानच्या संसदेने त्याला मान्यता दिली नाही. याउलट आफ्रिकेतील झांबिया आणि झिंबाब्वे यांनी २००९ मध्ये चिरुंडू येथे एकत्रित सीमा ठाणे सुरू केले, जिथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी तपासणी करत असल्याने ट्रकला दोनदा थांबावे लागत नाही.

मर्यादित निधी असलेल्या देशांनी म्हणूनच कार्यपद्धतीला अग्रक्रम द्यावा, असे माझे ठाम मत आहे. नदीच आडवी असेल, तिथे मात्र पूलच आधी हवा.